वाचनालयातलं १९२३ चं तैलचित्र मुंबईच्या प्रदर्शनाला मागितलंय. गावातल्या पेंटरकडून साफ करून घ्यावं का?

दप्तरदार

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे, पण वाचून घ्या.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं जुनं वाचनालय आहे आणि मी तिथला कार्यवाह, म्हणजे बिनपगारी कारकून. ज्या गृहस्थांनी वाचनालयाला जागा दिली त्यांचं एक मोठं तैलचित्र आमच्याकडे आहे. पगडी, उपरणं, मांडीवर उघडं पुस्तक, मागे मखमली पडदा. फ्रेम सोडून चार फूट बाय तीन फूट असेल. खाली उजव्या कोपऱ्यात सही आहे, ती लागत नाही, पण तिच्याखालचा १९२३ हा आकडा बॅटरी मारली की दिसतो. पूर्वी ते सभेच्या खोलीत भिंतीवर असायचं. कौलं गळायला लागली तेव्हा उतरवून कपाटामागे उभं केलं, ते तिथेच राहिलं. पुण्यतिथीला बाहेर काढायचं, हार घालायचा, कपाळाला गंध-कुंकू लावायचं, उदबत्ती ओवाळायची आणि परत कपाटामागे.

मध्यंतरी मुंबईच्या एका संग्रहालयातून दोघं जण येऊन गेले. मुंबईत काम केलेल्या जुन्या व्यक्तिचित्रकारांवर त्यांचं जानेवारीत प्रदर्शन आहे. त्यातल्या बाई बराच वेळ सहीपाशी वाकून बसल्या होत्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "कुणाला हात लावू देऊ नका." आता रीतसर पत्र आलंय की चित्र उसनं द्या, दुरुस्तीचं आपण बोलू.

इथे समितीत दोन तट पडलेत. गावात एक पेंटर आहे, देवळातली चित्रं आणि दुकानांच्या पाट्या करतो. हात खरंच चांगला आहे, उगाच नावं ठेवत नाही. तो म्हणतो साबणाच्या पाण्याने धुतो, उडालेला रंग भरतो, वरून जवसाचं तेल मारतो, गणपतीच्या आत नवंकोरं करून देतो. अध्यक्षांना हे एकदम पटलंय. त्यांचं म्हणणं, असं कळकट चित्र मुंबईला पाठवलं तर गावाची अब्रू जाईल.

अवस्था सांगतो. सगळं चित्र तपकिरी झालंय, पडदा आणि कोट यांतला फरक कळत नाही. डाव्या बाजूला पाण्याचा ओघळ उतरलाय, तिथे पांढुरकं धुकं आल्यासारखं दिसतं. खालच्या भागात रंगाचे कपचे पापडासारखे उचललेत, काही पडलेत. कोपराजवळ रुपयाएवढं भोक आहे. आणि कपाळावर गंधाचं पुटच चढलंय.

पेंटरला द्यावं का? नसेल तर कुणाला? आणि बाहेर आषाढ कोसळतोय, तोवर करायचं काय?

खवय्या

एवढं काय घाबरायचं? आमच्या आजोबांच्या तसबिरीवर आईने अर्धा बटाटा फिरवला, ओल्या फडक्याने पुसून घेतलं, लख्ख! काही ठिकाणी पावाचा मऊ भागही वापरतात असं ऐकलंय.

मांडवीकाठ

पेंटरला अजिबात देऊ नका. आमच्या जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांच्या तसबिरींची रांग आहे. १५४७ मध्ये तिथला पोर्तुगीज गव्हर्नर जुवांव द कास्त्रो याने ही चित्रं काढून घ्यायला सुरुवात केली. पुढच्या लोकांनी दुरुस्ती म्हणून त्यांवर इतके हात फिरवले की वर दिसणारा चेहरा एका काळातला आणि खालचा दुसऱ्याच काळातला. गेलात तर शांतपणे बघा, काहींच्या दाढ्यासुद्धा नंतरच्या वाटतात.

रोगणवाली

दप्तरदार, आधी पेंटरला फोन करून थांबवा. बाकीचं मग सावकाश वाचा.

मी पुण्याची. तैलचित्रांचं संवर्धन हाच माझा धंदा. तुमच्यासारखी चित्रं म्हणजे नगरवाचनालयं, शाळा, नगरपालिका, वाड्यांतले दिवाणखाने इथली, हेच माझं निम्मं काम. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खवय्या, बटाट्याने मळ निघतो हे खोटं नाही. वरचा बराच मळ पाण्याने सुटतो आणि बटाट्यात पाणी असतंच. पण त्यातलं पिठूळ सत्त्व रंगाच्या भेगांत जाऊन बसतं, आणि पुढच्या पावसाळ्यात बुरशीला आणि झुरळांना आयतं पान वाढलेलं. आजोबांची तसबीर काचेत होती का, एवढं एकदा आईंना विचारा. काच पुसली असेल तर माझी काही हरकत नाही.

साबणाचं पाणी का नको? तैलचित्राच्या कॅनव्हासला आधी सरस लावलेला असतो, त्यावर पांढरं अस्तर, त्यावर रंग, सगळ्यात वर रोगण, म्हणजे व्हार्निश. रंगाला भेगा पडलेल्या असल्या की पाणी थेट सरसापर्यंत जातं. सरस फुगतो, कापड आकसतं, आणि वरच्या कडक झालेल्या रंगाला आकसता येत नाही म्हणून तो तंबूसारखा उभा राहतो. तुमचे खालचे कपचे असेच उचललेले आहेत. फक्त तिथे साबण नव्हता, कौलांतून आलेलं पाणी आणि कोकणातली हवा होती. त्यावर ओलं फडकं फिरवलं की फडक्याबरोबर कोट येईल.

आता जवसाचं तेल. महाराष्ट्रातल्या जुन्या चित्रांचं खरं वाटोळं पाण्याने कमी आणि या तेलाने जास्त केलंय. लावल्या लावल्या चित्र सुरेख दिसतं. कोरड्या, धुरकट थरात तेल मुरलं की रंग खोल दिसतात आणि सगळे वाहवा करतात. मग ते हवेतला प्राणवायू घेऊन आवळत जातं, वरची धूळ स्वतःत धरून ठेवतं आणि काही वर्षांत पिवळं, मग तपकिरी होतं. जुनं राळेचं रोगण योग्य द्रावणाने काढता येतं. तेलाचं तसं नाही. मूळ रंगही जवसाच्या तेलातच खललेला असतो, त्यामुळे वरचं तेल जे विरघळवेल ते खालच्या रंगालाही हलवतं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या चित्रांना कुणीतरी प्रेमाने तेल पाजलेलं असतं.

आणि हे फक्त गावाकडच्या पेंटरांचं समजू नका. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांना निजामाच्या सरकारने १९२० ते १९२२ मध्ये थेट इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी अशी दोन तज्ज्ञ मंडळी आणली होती. सुटणारा गिलावा त्यांनी पुन्हा चिकटवला, ते काम मोलाचंच होतं. पण वरून लाखेचं रोगण दिलं. ते पिवळं पडलं, तडकलं, आणि पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते काढत बसावं लागलं. त्याच्याही आधी जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे नकला केल्या, तेव्हाही चित्रं उजळ दिसावीत म्हणून रोगण फासलं गेलं होतं. त्या काळात हाच शहाणपणा होता. म्हणून आज आम्ही असं काहीच लावत नाही जे उद्या कुणाला काढता येणार नाही.

आता तुमचं चित्र. पहिली शंका मला ही, की ते तैलचित्र आहे का? हसू नका. त्या काळात फोटोचं मोठं एन्लार्जमेंट करून त्यावर तैलरंग चढवायची चाल जोरात होती, आणि वाचनालयांतली पुष्कळशी "तैलचित्रं" तशीच असतात. चार फुटांचं आणि सहीचं आहे म्हणजे बहुधा अस्सल असेल, पण बघून घ्या. फ्रेमच्या कडेला, जिथे रंग संपतो तिथे भिंग धरा. कापडाची वीण दिसते की कागदाची कड? मागून कापड आणि पुढून कागद असंही असतं. फोटो निघाला तर सगळा उपचारच बदलतो.

तोवर एवढं करा. चित्र उभं ठेवू नका. दोघांनी धरून, चेहरा वर ठेवून, टेबलावर आडवं करा. टेबल बाहेरच्या भिंतीला लागून नको. जांभ्याची भिंत पावसात ओल सोडते. वर प्लास्टिक अजिबात नको. दोन्ही बाजूंना पुस्तकांचे गठ्ठे लावून त्यावर धुतलेलं धोतर ताणा, चित्राला टेकू न देता. पंखा सरळ त्यावर नको, जवळ बल्ब लावून वाळवायचंही नाही. पडलेले कपचे झाडून टाकू नका. कागदाच्या पुडीत ठेवा आणि पुडीवर लिहा, कुठून पडले ते. आणि फोटो काढा. एक समोरून, एक पाठीचा, आणि एक खोलीत अंधार करून बाजूने बॅटरी मारून. उचललेला रंग तिरप्या उजेडातच कळतो.

पाठीचा फोटो विसरू नका. मला समोरच्यापेक्षा तोच आधी बघायचाय.

हिशेबनीस

मी न्यासांचं ऑडिट करतो, माझा विषय कोरडा आहे. वाचनालय सार्वजनिक न्यास असणार. चित्र डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, आहे का बघा. नसेल तर आधी नोंद घाला, नाहीतर उद्या "कुणाचं चित्र?" या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नाही. उसनं द्यायचा कार्यकारिणीचा ठराव हवा; तारीख, परतीची तारीख आणि विमा त्यात यायला हवा.

दुसरं, १९२३ म्हणजे शंभर वर्षं भरली. १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभरीपार चित्र पुरावशेषांत मोडतं, त्याच्या नोंदणीचं बघून घ्या. देशातल्या देशात उसनं द्यायला त्याने आडकाठी येत नाही, मालकी बदलत नाही. कुणी "घेऊन टाकतो" म्हणत आलं तर मात्र सावध.

दप्तरदार

सगळ्यांचे आभार. पेंटरला थांबवलंय. थोडा रुसला. अध्यक्षही रुसलेत.

रोगणवालीताई, सांगितलंत तसं सगळं केलं, धोतरासकट. वीण कापडाचीच आहे, कागद कुठे नाही. पाठ बघितली आणि अवाक झालो. कॅनव्हासवर विलायती कंपनीचा शिक्का आहे, विन्सर अँड न्यूटन एवढं नीट वाचता येतं. आतल्या लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांत बारीक पाचरी आहेत, दोन गळून पडल्यात. कुंभारीण माशीची मातीची घरटी चार-पाच. खालच्या पट्टीच्या आणि कापडाच्या फटीत इतका कचरा साठलाय की समोरून तिथे फुगवटा दिसतो. आणि कोपराच्या भोकामागे कुणीतरी बनियनचा तुकडा सुताराच्या पांढऱ्या गोंदाने डकवलाय. शिवण बघून बनियनच आहे, शंका नको.

डेडस्टॉक रजिस्टर माळ्यावर सापडलं. "तसबीर मोठी, रंगीत, फ्रेमसह, नग १" अशी नोंद आहे, वर्गणीतून केल्याचं लिहिलंय. चित्रकाराचं नाव नाही. रक्कम लिहिलीय पण वाळवीने आकड्याचा पुढचा भाग खाल्लाय.

आणखी एक उद्योग केला. पतपेढीतला नोटा तपासायचा दिवा आणून रात्री अंधारात चित्रावर धरला. सगळं चित्र हिरवट चमकलं. फक्त डावा खांदा आणि पुस्तकावरची बोटं काळी पडली. ते काय असेल?

प्रश्न तीन. जानेवारीपर्यंत हे होईल का? खर्च कुणी करायचा? आणि त्या गंधाचं काय? समितीतल्या एका काकांचं म्हणणं, संस्थापकांच्या कपाळावरचा टिळा पुसणं बरं नाही.

रोगणवाली

दिव्याची कल्पना फक्कड. मी सांगणारच होते, पण कोण आणेल म्हणून सोडून दिलं.

हिरवट चमकतं ते नैसर्गिक राळेचं जुनं रोगण. म्हणजे ते सगळीकडे आहे, आणि तुम्हाला जो तपकिरी रंग दिसतो तो बराचसा त्याचा आणि वर बसलेल्या उदबत्तीच्या धुराचा. चित्रकाराने पडदा तपकिरी केलेला नसावा. काळं दिसतं ते रोगणाच्या वर नंतर लावलेला रंग. म्हणजे खांदा आणि बोटं कुणीतरी आधीच "दुरुस्त" केलीत. गावातल्या पेंटरचा मान पहिला नाही! सहीपाशी काळं काही दिसलं नाही ना? नसेल तर सही रोगणाखाली आहे, मूळची आहे. ती बघायच्या हौसेने तिथे बोट ओलं करून चोळू नका. अध्यक्षांनाही चोळू देऊ नका.

पाचरी गळाल्या म्हणजे कापड सैल झालं. फुगवटा त्या कचऱ्यामुळेच. फटीत साठलेली माती ओल धरते आणि नेमकी तिथेच रंग सुटतो. तुमचे कपचे खालच्या भागात आहेत ते त्यामुळेही. पण तो कचरा सुरीने उकरायचा नाही. आधी समोरचा रंग बसवायचा, मग पाठ. क्रम चुकला तर मागून टोचाल आणि पुढून पडेल.

बनियन दर दोन-तीन चित्रांमागे भेटतं, त्यात नवल नाही. एकदा तर मला धोब्याच्या खुणेसकट मिळालं होतं. गंमत सोडा, असं ठिगळ वाईटच. जाड कापड आणि कडक गोंद यांनी मूळ कॅनव्हास तिथे ओढला जातो आणि ठिगळाची कड समोरून उमटते. ते हळूहळू, धाग्या-धाग्याने सोडवावं लागतं. मग भोकाच्या कडेचे मूळ धागे भिंगाखाली सरळ करून एकमेकांना जोडायचे. रुपयाएवढ्या भोकात जितके धागे शिल्लक असतील तितके, आणि जिथे नसतील तिथे तशाच विणीच्या कापडाची छोटी भर. माझ्या शिक्षकांच्या पिढीत असं चित्र सरसकट मेण-राळेच्या मिश्रणाने गरम इस्त्री फिरवून दुसऱ्या कॅनव्हासवर चढवायचे. हॉलंडमधून आलेली पद्धत ती, आपल्याकडे फार चालली. रंग बसायचा, पण मेण कायमचं मुरायचं आणि चित्र काळवंडायचं. तुमच्या चित्राला ते नकोच. कडा कमजोर असतील तर फक्त कडांना पट्ट्या जोडून पुन्हा ताणता येईल.

आता सफाई कशी होते ते सांगते, म्हणजे समितीला समजावता येईल. उचललेला रंग आधी पातळ जपानी कागद ठेवून, त्यातून सरसाचं किंवा माशाच्या डिंकाचं अगदी सौम्य पाणी पाझरवून, थोडी ऊब देऊन बसवायचा. तो पक्का झाल्याशिवाय पुढचं काही नाही. मग बांबूच्या काडीला कापूस गुंडाळायचा आणि कडेच्या एका कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत, चाचणी घ्यायची. पहिलं द्रावण कुठलं माहितेय? लाळ. खरंच. तिच्यात सौम्य विकर (एन्झाइम) असतात, चिकट मळ सुंदर सुटतो, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत ती वापरतात. कापूस चोळायचा नाही, फिरवत न्यायचा. कापसावर काजळीचा करडा आणि धुराचा पिवळा रंग आला की ठीक. निळा किंवा तांबडा आला की हात थांबला पाहिजे, कारण तो मळ नाही, तो चित्रकार आहे. हे एका जागेचं. पडद्याला चाललेलं द्रावण पगडीच्या तांबड्याला चालेलच असं नसतं, त्यामुळे प्रत्येक रंगावर वेगळी चाचणी. रोगण काढणं हे त्याच्याही पुढचं काम आणि तेच सगळ्यात वेळखाऊ.

म्हणून जानेवारीचं उत्तर. माझं मत विचाराल तर प्रदर्शनाच्या तारखेला बांधून घेऊ नका. जानेवारीपर्यंत चित्र प्रवासाला सुरक्षित होईल, रंग बसेल, बुरशी असेल तर जाईल, पाठ साफ होईल, भोक बंद होईल, वरचा धूर निघेल. एवढंच करा आणि तसंच लावू द्या. रोगण काढणं प्रदर्शनानंतर, सावकाश. संग्रहालयाला हे चालतं. उलट अर्धवट साफ केलेलं चित्र लोक जास्त थांबून बघतात. तारीख गाठायला म्हणून रोगण घाईने काढलेली चित्रं मी पाहिलीत. त्यांच्या चेहऱ्यावरचे बारीक छायाप्रकाश रोगणाबरोबरच निघून गेलेत, गाल सपाट झालेत. ते परत येत नाहीत.

अब्रूचं अध्यक्षांना सांगा, की मुंबईची मंडळी चित्र कळकट आहे म्हणून नाक मुरडत नाहीत. धुतलेलं, तेल पाजलेलं, नवंकोरं आलं तर मुरडतात. तसं चित्र ते घेणारही नाहीत बहुधा.

रंग भरायचं म्हणाल, तर आम्ही भरतो, पण फक्त जिथला उडालाय तेवढ्याच जागेत. आधी खडूची पूड आणि सरस यांची भर, मग पुन्हा काढता येईल असा रंग. शेजारच्या शाबूत रंगावर कुंचल्याचं टोकही जाता कामा नये. तुमच्या चित्रात काळ्या दिसलेल्या बोटांवर बहुधा तेच झालंय, एवढासा रंग उडाला असेल आणि पठ्ठ्याने अख्खा पंजा रंगवलाय.

गंधाचं काकांना वाईट वाटणं मला समजतं. पण बाजारच्या कुंकवात हल्ली रंग घातलेला असतो आणि तो पाण्यात फुटतो. ओला हात लागला की तांबडं पाणी कपाळाच्या भेगांत उतरेल आणि मग कुणाच्या बापाला काढता येणार नाही. वाळलेलं गंध आकसताना खालचा रंगही उचलतं. मी असते तर आधी त्याचा भिंगातून फोटो घेतला असता, थोडं पुट कुपीत घालून तारीख लिहून वाचनालयाला परत दिलं असतं, आणि बाकीचं कोरडंच, कण-कण उतरवलं असतं. अक्षताही असतील त्यात चिकटलेल्या. पण हा निर्णय माझा नाही, संग्रहालयाचा तर नाहीच. वाचनालयाने ठरवायचा आणि लेखी द्यायचा.

खर्च. उसनं मागणाऱ्या संस्थेने वाहतूक आणि विमा उचलायचा ही सर्वसाधारण रीत आहे. विमा तुमच्या भिंतीवरून उतरल्यापासून परत तुमच्या भिंतीवर चढेपर्यंतचा मागा, फक्त प्रदर्शनापुरता नको. संवर्धनाचा खर्च बोलणी करून ठरतो, पण त्यांना चित्र हवंय, तुम्हाला घाई नाही, हे लक्षात ठेवून बोला. काम कुणाकडून होणार, काय-काय वापरणार हे आधी लेखी घ्या, आणि झाल्यावर फोटोंसकट अहवाल. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे. लखनौला केंद्र सरकारची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे, वारसा जपणाऱ्या इन्टॅक या संस्थेच्याही प्रयोगशाळा आहेत. खाजगीत करणारेही आहेत. मी स्वतःचं नाव सुचवत नाही, तो या चर्चेचा गैरफायदा होईल.

खवय्या

आईला विचारलं. काच होती. 😐

मांडवीकाठ

😂 खवय्या, बटाटा तळून खा आता.

ताई, एक शंका. संग्रहालयात नेऊन गार एसीत टांगलं आणि प्रदर्शनानंतर परत कोकणात, तर पुन्हा तेच नाही का होणार?

रोगणवाली

होणारच, आणि हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. चित्राला गारव्याचं कौतुक नसतं, त्याला बदल सोसत नाही. शंभर वर्षं सत्तर-ऐंशी टक्के दमटपणात काढलेलं चित्र एकदम पन्नास टक्क्यांच्या खोलीत नेलं तर कापड आणि रंग वेगवेगळ्या गतीने सुकतात. म्हणून पेटी पोचल्यावर लगेच उघडायची नाही, एक दिवस तशीच खोलीत राहू द्यायची. प्रवास पावसाळा पूर्ण सरल्यावर. रंगाला बबल-रॅप टेकवायचा नाही, फुगे उमटतात. प्रदर्शनात उजेड दीडशे-दोनशे लक्सच्या (उजेड मोजायचं माप) वर नको, हे करारात घालता येतं.

परत आल्यावर कपाटामागे नाही. आतल्या भिंतीवर, फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून, म्हणजे भिंत आणि चित्र यांत हवा खेळेल. पाठीला एक पातळ फळी, म्हणजे कुंभारणींचा आणि कचऱ्याचा प्रश्न मिटला. एवढ्याने निम्मं काम होतं, त्याला एसी लागत नाही.

हिशेबनीस

ठरावात "गंध काढण्यास संमती" असंही वाक्य घाला. नंतर सभेत कुणी उठून विचारेल. अनुभवाने सांगतो.

दप्तरदार

काल सभा झाली. अडीच तास. उसनं देण्याचा ठराव मंजूर, संवर्धन संग्रहालयामार्फत आणि लेखी, रोगण यंदा काढायचं नाही. टिळ्यावर मात्र अडलं. काका म्हणाले, पुण्यतिथीला मग हार घालायचा कुणाला? भिंतीला?

शेवटी अध्यक्षांनीच तोड काढली, श्रेय त्यांना देतो. पेंटरला चित्राची नक्कल करायला सांगायची, त्याच मापाची. ती वाचनालयाच्या दिवाणखान्यात लागेल. हार, गंध, उदबत्ती, काय ते सगळं तिला. मूळ चित्राला कुणी शिवायचं नाही. काका तयार झाले. पेंटरचा रुसवा गेला, तो कालच येऊन टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून गेला, धोतर न उचलता.

फक्त त्याचा प्रश्न आहे आणि उत्तर मला येत नाही. पगडी आत्ता दिसते ती तपकिरी, तुम्ही म्हणता खाली तांबडी. मागचा पडदा तर काहीच कळत नाही. त्याने कुठला रंग धरायचा?

रोगणवाली

अध्यक्षांना माझा नमस्कार सांगा.

पेंटरला म्हणावं कापड ताणून, अस्तर देऊन, चेहऱ्याचं आणि हातांचं रेखाटन करून ठेव. हात मात्र वरवर दिसतात तसे घेऊ नको, ते दुसऱ्या कुणाचे आहेत. पगडीला रंग लावायची घाई नको. धूर काढताना पगडीच्या कडेला आणि पडद्याच्या एका घडीला चाचणीच्या खिडक्या, म्हणजे साफ केलेल्या छोट्या जागा, उघडतीलच. त्यांचे फोटो रंगपट्टी शेजारी ठेवून काढायला संग्रहालयाला सांगा. तो रंग बघून त्याने खलायचा. आणि जवसाचं तेल त्याला नकलेत हवं तितकं वापरू दे.